म्हातारपणी मोडलेला खुबा



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, आणि पुढे गावोगावी हा परिपाठ पडला. उन्हाळ्याच्या संध्याकाळी चार माणसांनी एकत्र बसावे, कोणी तरी अभ्यासून आलेले ऐकावे आणि घरी जाताना त्यावर वाद घालावा, अशी ही पद्धत आहे. या व्यासपीठावर कामगार चळवळीतला माणूस आला म्हणजे तो पगारवाढ, बोनस आणि करार यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. माझा विषय ऐकून व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी मला दोनदा विचारले, “खुबा म्हणजे मांडीचाच ना?” मी म्हटले, “होय, मांडीचाच.”

मी डॉक्टर नाही. माझे शिक्षण शाळेपुरते झाले. पोटासाठी फिटरकाम शिकलो, आणि पुढचे जे काही वाचन झाले ते नगरवाचनालयाच्या बाकावर, शब्दकोश शेजारी ठेवून झाले. मग या विषयाला हात घालण्याचे कारण काय? कारण असे की, कामगार कारखान्याच्या दारातून बाहेर पडला तरी संघटनेच्या दारातून बाहेर पडत नाही. निवृत्त झालेली माणसे आमच्या कचेरीत येतातच. आणि गेली काही वर्षे ती येतात ती थकबाकीसाठी कमी आणि दवाखान्याच्या कागदांसाठी जास्त. “आई मोरीत पडली.” “वडील रात्री उठले आणि उंबरठ्याला अडखळले.” “खुब्याचे हाड मोडले म्हणतात; डॉक्टर ऑपरेशन सांगतात; वय अठ्ठ्याहत्तर आहे; करावे का हो?” हा शेवटचा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला की त्याचा अभ्यास करणे मला भाग पडले. त्या अभ्यासातून जे हाती आले ते आज आपल्यापुढे ठेवतो. कोणत्या रोग्याला काय करावे हे त्याच्या डॉक्टरांनीच सांगायचे. परंतु डॉक्टरांना काय विचारावे हे प्रत्येक नागरिकाला ठाऊक असले पाहिजे.

प्रथम हाड समजावून घेऊ. मांडीचे हाड हे शरीरातले सर्वांत लांब आणि सर्वांत मजबूत हाड. त्याचे वरचे टोक सरळ नाही. खांबाला ब्रॅकेट बसवावा तसे ते आत वळते. या वळलेल्या भागाला मान म्हणतात. मानेच्या टोकाला गोल गोळा असतो आणि तो कमरेच्या हाडातल्या उखळीत फिरतो. मान आणि खांब यांच्यातला कोन मोठ्या माणसात साधारण १२५ ते १३० अंशांचा असतो. मान जिथे खांबाला मिळते तिथे बाहेरच्या अंगाला जो उंचवटा हाताला लागतो, त्याला धरून नितंबाचे स्नायू बसलेले असतात.

आता फिटरच्या नजरेने पाहा. आपण चालताना प्रत्येक पावलाला क्षणभर एकाच पायावर उभे असतो. शरीराचे वजन आतल्या बाजूला असते, आणि आपण कलंडू नये म्हणून बाहेरचे स्नायू खाली ओढतात. ही तराजूसारखी रचना आहे. आणि तराजूच्या काट्यावर दोन्ही पारड्यांचा भार येतो, तसा या गोळ्यावर वजनाचा आणि स्नायूंच्या ओढीचा असा दोहोंचा भार येतो. तो शरीराच्या वजनाच्या अडीच ते तीनपट असतो. पन्नास किलोच्या बाईच्या खुब्यावर दर पावलाला सव्वाशे ते दीडशे किलो! तरुणपणी हाड ते सहज पेलते. उतारवयात हाड आतून पोकळ होत जाते. विशेषतः पाळी गेल्यावर बायकांचे हाड झपाट्याने झिजते. आपल्या देशात तर ‘ड’ जीवनसत्त्वाची उणीव आणि कमी प्रथिनांचा आहार यांची त्यात भर पडते. मग उभ्याने घसरून पडणे एवढे निमित्त पुरते.

पडल्यावर पाय आखूड दिसतो, पाऊल बाहेरच्या बाजूला कलते, जांघेत कळ येते आणि टाच अंथरुणावरून उचलत नाही. अशी लक्षणे दिसली की ओळखावे. परंतु एक सावधगिरी सांगतो. कधी कधी मोडलेली दोन टोके एकमेकांत रुतून बसतात आणि माणूस लंगडत चालतोही. पहिल्या एक्स-रेत काही दिसत नाही. म्हातारे माणूस पडल्यानंतर जांघ दुखते म्हणत असेल तर “मुका मार आहे” म्हणून तेल चोळत बसू नये. पुन्हा तपासून, लागल्यास एमआरआय किंवा सीटी स्कॅन काढून खात्री करून घ्यावी. पाय ओढू नये, उभे करून पाहू नये, रिक्षात कोंबून नेऊ नये. आडवे ठेवूनच न्यावे. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची गाडी आहे, ती बोलवावी.

हाड मोडते ते मुख्यतः दोन जागी, आणि हा फरक सर्वांनी समजून घेण्यासारखा आहे. डोंगरावरच्या वाडीला पाणी नेणारी एकच नळाची लाईन असावी, तसा मांडीच्या गोळ्याचा रक्तपुरवठा आहे. बहुतेक रक्तवाहिन्या खालून, मानेच्या कडेकडेने चढून गोळ्याकडे जातात. मान मोडून सरकली की ही लाईन तुटते. गोळा उपाशी पडतो आणि पुष्कळदा मरतो. मान न मोडता तिच्या बाहेर, खांबाच्या उंचवट्याजवळ मोडले तर तिथे रक्त मुबलक असते आणि हाड जुळते. पहिल्या प्रकारात अडचण जुळण्याची. दुसऱ्यात अडचण वाकडे आणि आखूड जुळण्याची. हा भेद लंडनचे शल्यवैद्य अ‍ॅस्टली कूपर यांनी १८२२ साली आपल्या ग्रंथात स्पष्ट मांडला. सांध्याच्या वेष्टणाच्या आत मोडलेली मान सहसा हाडाने जुळत नाही, असे त्यांचे मत होते.

मग पूर्वी लोक करीत काय? आपल्या सुश्रुतसंहितेत भग्नांचा स्वतंत्र विचार आहे. सांधा निखळणे आणि हाडाचा दांडा मोडणे असे दोन भाग त्यात केले आहेत. मांडी मोडलेल्या रोग्यासाठी ‘कपाटशयन’ सांगितले आहे: रोग्याला फळीवर निजवायचे आणि पाच खुंट्यांना असे बांधायचे की मोडलेला भाग हलू नये. तरुणाचे हाड एका महिन्यात, मध्यम वयाच्या माणसाचे दोन महिन्यांत आणि म्हाताऱ्याचे तीन महिन्यांत जुळते, असाही हिशेब तिथे दिला आहे. ज्या काळी क्ष-किरण नव्हते, भूल नव्हती, त्या काळी याहून शहाणपणाचे काय करता आले असते? पायाला वजन टांगून महिनोन्‌महिने निजवून ठेवण्याची जी पद्धत रुग्णालयांत पुढे चालली, तिचे तत्त्वही हेच होते.

परंतु या तत्त्वात म्हाताऱ्या माणसासाठी एक घात आहे. हाडाला विश्रांती मिळते, पण माणूस खचतो. तीन महिने उताणे पडल्यावर पाठीला व्रण पडतात, छातीत कफ साचून न्यूमोनिया होतो, लघवीत जंतू वाढतात, पायातले रक्त गोठून त्याची गुठळी फुप्फुसात जाऊन अडकते, आणि मांडीचे मांस वितळून जाते. हाड जुळेपर्यंत माणूस उरत नाही. म्हणून या दुखण्यात मरण येते ते मोडलेल्या हाडापेक्षा अंथरुणामुळे अधिक. एवढे एक वाक्य आपण घरी नेलेत तरी माझ्या येण्याचे सार्थक झाले.

या अंथरुणाशी झालेल्या लढाईचा इतिहास मला कामगार चळवळीच्या इतिहासाइतकाच रंजक वाटतो. किंबहुना दोन्ही एकमेकांत गुंतलेले आहेत. लिव्हरपूल बंदरात ह्यू ओवेन टॉमस नावाचे वैद्य होते. घराण्याचा धंदा हाडवैद्याचा. ते स्वतः शिकून डॉक्टर झाले. गोदी कामगारांची आणि खलाशांची मोडलेली हाडे ते जोडीत आणि रविवारी गरिबांना फुकट तपासीत. पायाला आधार देणारी त्यांची लोखंडी चौकट आजही ‘टॉमस स्प्लिंट’ या नावाने चालते. त्यांचा भाचा रॉबर्ट जोन्स. मँचेस्टरचा जहाजांचा कालवा खणायला घेतला तेव्हा १८८८ साली जोन्स यांना तिथले प्रमुख शल्यवैद्य नेमले. हजारो मजूर, दरडी, यंत्रे, रोजचे अपघात! जोन्स यांनी कालव्याच्या काठाने तीन रुग्णालये उभारून घेतली आणि जखमी मजुरावर तातडीने, जागच्या जागी उपचार होण्याची व्यवस्था लावली. अपघातानंतरचा वेळ मोलाचा असतो, हा धडा मजुरांच्या हाडांवर गिरवला गेला आणि मग तो जगाला मिळाला.

शस्त्रक्रियेचे खरे दार उघडले ते बोस्टन शहरात. मूळचे नॉर्वेचे असलेले स्मिथ-पीटरसन यांनी १९२५ साली मोडलेल्या मानेतून तीन पात्यांचा खिळा ठोकायला सुरुवात केली आणि १९३१ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. तीन पाती कशाला? इथे बसलेल्या फिटर मंडळींना सांगायला नको. गोल खिळ्यावर गोळा गरगर फिरेल. शाफ्टला चावी बसवली की पुली फिरत नाही, तसे पात्यांमुळे हाड फिरत नाही. पुढच्याच वर्षी स्वीडनमध्ये स्वेन योहान्सन यांनी पोकळ खिळा काढला: आधी बारीक तार नेमकी बसवायची आणि तिच्यावरून खिळा सरकवायचा. १९३९ साली जर्मनीतल्या कील येथे क्युंट्शर यांनी हाडाच्या मधल्या पोकळीत लांब सळई घालण्याची युक्ती केली. १९४० साली अमेरिकेत ऑस्टिन मूर आणि बोलमन यांनी मांडीच्या हाडाचा वरचा भाग धातूचा करून बसवला. आणि १९६२ साली इंग्लंडमधील रायटिंग्टन रुग्णालयात जॉन चार्नली यांनी धातूचा गोळा, प्लॅस्टिकची उखळी आणि त्यांना घट्ट धरणारे अ‍ॅक्रिलिकचे सिमेंट अशी संपूर्ण सांध्याची रीत पक्की केली.

आज काय करतात ते थोडक्यात सांगतो. मान मोडली पण सरकली नसेल तर दोन-तीन स्क्रूंनी किंवा तशाच साधनाने जागेवरच धरतात. सरकली असेल आणि माणूस वयस्क असेल तर मेलेल्या गोळ्याची आशा धरीत बसत नाहीत. गोळा काढून धातूचा बसवतात. याला लोक ‘अर्धा सांधा बदलणे’ म्हणतात. हिंडता-फिरता, धडधाकट वृद्ध असेल तर कधी उखळीसुद्धा बदलतात. पूर्ण बरा की अर्धा, यावर सुमारे दीड हजार रोग्यांचा अनेक देशांतला एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. दोन वर्षांत पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याच्या प्रमाणात दोहोंत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. म्हणून “पूर्ण बदलले नाही, म्हणजे आम्हाला स्वस्तात गुंडाळले” असा संशय प्रत्येक वेळी बरोबर नसतो. सिमेंटचे म्हणाल तर, साठीपुढच्या १२२५ रोग्यांवरील ब्रिटनमधल्या चाचणीचा निकाल २०२२ साली आला. सिमेंटने बसवलेल्या गोळ्याचे रोगी अधिक सुखात होते आणि नव्या गोळ्याभोवती हाड पुन्हा तडकण्याचे प्रमाणही त्यांच्यात कमी होते.

उंचवट्याजवळ मोडले असेल तर एकतर पट्टी आणि सरकता स्क्रू, किंवा हाडाच्या पोकळीत सळई आणि तिच्यातून गोळ्यात जाणारा स्क्रू. सरकत्या स्क्रूची करामत पाहण्यासारखी आहे. स्क्रू एका नळीत मागे सरकू शकतो. रोगी उभा राहिला की वजनाने मोडलेली टोके एकमेकांवर दाबली जातात आणि तो दाबच हाड जुळवायला मदत करतो. म्हणजे चालणे हाही औषधाचा भाग झाला! मात्र कारागिरी हवी. स्क्रूचे टोक गोळ्याच्या मधोमध आणि पुरेसे खोल बसले पाहिजे. दोन बाजूंच्या एक्स-रेत टोकापासून गोळ्याच्या शेंड्यापर्यंतचे अंतर मोजून बेरीज करतात; ती २५ मिलिमीटरांच्या आत असली तर स्क्रू हाड फाडून बाहेर येण्याचा धोका फार कमी होतो, असे १९९५ साली दाखवून देण्यात आले. लेथवरचा कामगार मिलिमीटरसाठी जीव टाकतो. इथे तर जीवच टांगलेला असतो.

आता वेळेचा प्रश्न. माझ्या आजच्या बोलण्याचा गाभा इथे आहे. शस्त्रक्रिया कधी करावी? शक्य तर दुसऱ्या दिवसापर्यंत. दोन दिवसांपलीकडे विनाकारण जाऊ नये. ब्रिटनने २००७ साली खुबा मोडलेल्या रोग्यांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. २०१० पासून असा नियम केला की, ३६ तासांत शस्त्रक्रिया, वृद्धांच्या तज्ज्ञाकडून तपासणी वगैरे अटी पाळणाऱ्या रुग्णालयाला दर रोग्यामागे जादा पैसे द्यायचे. परिणाम काय झाला? तीस दिवसांतले मृत्यू २००७ साली १०.९ टक्के होते, ते २०११ साली ८.५ टक्क्यांवर आले. नवे औषध निघाले नव्हते. वेळापत्रक पाळले गेले आणि जबाबदारी ठरली, एवढेच. २०२० साली १७ देशांतल्या सुमारे तीन हजार रोग्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात भारतही होता. सहा तासांत केलेली शस्त्रक्रिया आणि चोवीस तासांत केलेली, यांत मृत्यूच्या प्रमाणात फरक पडला नाही. पण लवकर केलेल्यांना भ्रम कमी झाला, ते लवकर उभे राहिले आणि लवकर घरी गेले. म्हणजे अतिघाईने प्राण वाचतात असे नव्हे, पण दिरंगाईने कोणाचेच भले होत नाही.

आपल्याकडे उशीर का होतो? हृदय खरोखर निकामी होत असेल, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, शरीरातले क्षार बिघडले असतील, तर थोडे थांबणे योग्यच. पण ते थांबणे दुरुस्तीसाठी असते. याउलट मुंबईचा मुलगा शनिवारी येणार, अमावास्या आहे, आधी हाडवैद्याची पट्टी बांधून पाहू, पैशांची जमवाजमव चालली आहे, इकोचा तपासनीस सोमवारी येतो, यांतले एकही कारण म्हातारीच्या फुप्फुसांना ऐकू येत नाही. हाडवैद्यांविषयी मला अनादर नाही; टॉमस त्याच घराण्यातले होते. पण तुटलेल्या रक्ताच्या लाईनीवर पट्टी चालत नाही.

दुसरे भय भुलीचे. “या वयात भूल सोसेल का?” कमरेत सुई देऊन अर्धे अंग बधिर करता येते किंवा पूर्ण भूल देता येते. दोहोंची तुलना अमेरिकेत आणि कॅनडात करून २०२१ साली निकाल सांगितला: दोन महिन्यांनी चालता येणे किंवा मृत्यू, यांत फरक नाही. तेव्हा जी भूल त्या रोग्याला योग्य ती भूलतज्ज्ञ ठरवील. आपण त्यावर दोन दिवस घालवू नयेत. शिवाय जांघेतल्या शिरेजवळ बधिरतेचे इंजेक्शन देऊन शस्त्रक्रियेआधीच वेदना पुष्कळ कमी करता येतात. म्हातारे माणूस कण्हत पडले आहे आणि आपण “सकाळी बघू” म्हणतो, असे होऊ नये, मागितले पाहिजे.

मंडळी, इथे एक हकिकत सांगतो. आमच्या संघटनेच्या जुन्या सभासद, सूतगिरणीच्या वाइंडिंग खात्यात उभा जन्म काढलेल्या एक मावशी. वय शहात्तर. अंगणात पडल्या, मान मोडली. एका रुग्णालयात आणले आणि पाच दिवस व्हरांड्यात बैठक चालली. दोन मुलगे, एक जावई, एक भाचा. एकाचे म्हणणे खर्च करू, एकाचे म्हणणे आता वय झाले, कशाला हाल. माणसे वाईट नव्हती. कंत्राटी कामाचा खाडा पडत होता, प्रत्येकाच्या डोक्यावर हप्ते होते. सहाव्या दिवशी मी भेटायला गेलो. मावशींनी मला जवळ बोलावले आणि हळूच विचारले, “काय ठरलं रे भाऊ माझं?” पाच दिवसांत त्यांना कोणी काही विचारले नव्हते. मी म्हटले, “मावशी, तुम्हाला काय वाटतं?” त्या म्हणाल्या, “संडासला माझ्या पायानं जाता आलं पाहिजे. एवढं होतं का विचार. होत असलं तर कापा.”

त्या दिवसापासून मी शिकलो ते हे की, या दुखण्यात विचारायचा पहिला प्रश्न डॉक्टरांना नसून रोग्याला आहे. मावशींची शस्त्रक्रिया झाली. आज त्या जिना चढत नाहीत, बाजाराला जात नाहीत. पण हातात वॉकर घेऊन ओट्यापर्यंत येतात आणि आपल्या पायाने जायचे तिथे जातात. त्यांनी मागितले तेवढे त्यांना मिळाले.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर मी प्रचारक ठरेन. काही वृद्ध इतके खंगलेले, अंथरुणाला आधीच खिळलेले असतात की शस्त्रक्रियेने त्यांना काही परत मिळत नाही. नेदरलँड्समध्ये अशा, संस्थांत राहणाऱ्या अतिदुर्बल रोग्यांशी आणि आप्तांशी नीट बोलून निर्णय घेतले आणि २०२२ साली त्याचा वृत्तांत आला. शस्त्रक्रिया नाकारलेल्यांपैकी ८३ टक्के तीस दिवसांत गेले. केलेल्यांपैकी २५ टक्के. पण नाकारलेल्यांचे उरलेले दिवस वेदना शमवून, शांतपणे गेले आणि त्यांच्या आप्तांना पश्चात्ताप झाला नाही. तेव्हा ‘नको’ हाही निर्णय असू शकतो. मात्र तो आकडे समोर ठेवून, रोग्याच्या मनाने आणि वेदनेची तजवीज करून घेतलेला असावा. व्हरांड्यात पैशाअभावी आपोआप झालेला ‘नको’ म्हणजे निर्णय नव्हे.

शस्त्रक्रिया झाली की निम्मे काम झाले. उरलेले निम्मे घरच्यांचे. दुसऱ्या दिवशी रोग्याला बसवतात, वॉकर धरून उभे करतात. नातेवाईक ओरडतात, “अहो, काल तर कापलंय!” ओरडू नये. बहुतेक वृद्धांना सोसेल तेवढा पूर्ण भार टाकू देतात. किती टाकायचा हे शल्यवैद्यांना स्पष्ट विचारून घ्यावे. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून काही दिवस औषध देतात, ते चुकवू नये.

पुष्कळ वृद्धांना या काळात भ्रम होतो. रात्री कोणाशी तरी बोलतात, सलाईन ओढून काढतात, मुलाला ओळखत नाहीत. लोक म्हणतात, वेड लागले, नाही तर बाहेरचे काही लागले. तसे काही नसते. दुखणे, जंतू, पाण्याची कमतरता, झोपेचा बिघाड आणि अनोळखी जागा यांचा तो परिणाम असतो आणि बहुधा तो उतरतो. चष्मा द्या, कानाचे यंत्र लावा, कवळी बसवा, दिवसा खिडकी उघडा, रात्री दिवा मंद करा, आणि ओळखीचे एक माणूस जवळ बसवा. यातले एकही औषध दुकानात मिळत नाही.

घरी आल्यावर काठी कोणत्या हातात? पुष्कळ लोक दुखऱ्या बाजूला देतात. ती विरुद्ध हातात हवी. मघाशी तराजू सांगितला. विरुद्ध हातातल्या काठीचा दांडा लांब पडतो, म्हणून थोड्या जोरानेही खुब्यावरचा भार पुष्कळ हलका होतो. गोळा बदललेला असेल तर सुरुवातीचे काही महिने उकिडवे बसणे, मांडी घालणे, पायावर पाय टाकणे यांना डॉक्टर बहुधा मनाई करतात, कारण गोळा उखळीतून निसटू शकतो. आपला सगळा संसार जमिनीवरचा. म्हणून उंच खुर्ची, उंच खाट आणि खुर्चीचा संडास यांची सोय रोगी घरी येण्याआधी करावी. जेवणात डाळ, दूध, अंडी, शेंगदाणे वाढवावेत. आणि आयांना हात जोडून सांगतो: हाड जुळेपर्यंत चतुर्थी आणि एकादशी देवाला नुसत्या नमस्काराने पोचवा.

अपेक्षाही ठीक ठेवाव्यात. खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी वर्षभरात साधारण शंभरांत वीस ते तीस दगावतात, आणि वाचलेल्यांतले निम्म्याच्या आसपासच पूर्वीसारखे चालू लागतात. हे आकडे घाबरवण्यासाठी नाहीत. व्यायाम टाळण्याची किंमत कळावी म्हणून आहेत. आणि एक गोष्ट तर जवळजवळ सर्वत्र विसरली जाते. हाड एकदा मोडले ते ठिसूळ होते म्हणून मोडले; ठिसूळपणावर उपचार केला नाही तर दुसरे मोडणार. २००७ साली दोन हजारांवर रोग्यांत पाहिले गेले की, खुबा मोडल्यानंतर वर्षातून एकदा झोलेड्रॉनिक आम्लाची सलाईन दिल्यास नवे हाड मोडण्याचे प्रमाण ३५ टक्क्यांनी आणि मृत्यूचे २८ टक्क्यांनी घटले. घरी सोडण्याच्या कागदावर हाडाच्या औषधाची ओळ नसेल तर विचारा. मोरीत खरबरीत फरशी आणि भिंतीला दांडा, रात्री एक लहानसा दिवा, मोतीबिंदूची वेळेवर शस्त्रक्रिया, झोपेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांची फेरतपासणी: इतक्या स्वस्तातला विमा दुसरा नाही.

शेवटी पैशांचे बोलतो. तो माझा धंदाच आहे. २०१४ साली भविष्यनिर्वाह निधीच्या योजनेत किमान पेन्शन महिना १००० रुपये ठरवली गेली. एवढ्या पेन्शनीत वॉकर तरी येतो का? म्हणून असलेले हक्क वापरायला शिकले पाहिजे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजना सत्तर वर्षांवरील सर्वांना, उत्पन्नाची अट न घालता, खुली झाली; वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार त्यात येतात. महाराष्ट्रात महात्मा जोतिबा फुले यांच्या नावाची जन आरोग्य योजना आहे. दोहोंसाठी रुग्णालय अंगीकृत असावे लागते. तिथे ‘आरोग्यमित्र’ बसतो, त्याला गाठावे. आणि विमा दवाखान्याविषयी: पाच वर्षे विम्याखाली नोकरी करून वयोमानाने निवृत्त झालेल्या कामगाराला, वर्षाला १२० रुपये भरून, स्वतःसाठी आणि पती किंवा पत्नीसाठी वैद्यकीय सेवा चालू ठेवता येते. ही तरतूद निवृत्त कामगारांना सहसा कोणी सांगत नाही. कार्ड पडल्यावर काढायचे नसते. उभे असताना काढायचे असते.

वैयक्तिक हक्कांपुढे सार्वजनिक मागणीही आहे. १९३५ साली लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात डॉ. मार्जरी वॉरन यांच्याकडे शेजारच्या दरिद्री-आश्रमातले सातशेहून अधिक रोगी सोपवले गेले. कित्येक जण वर्षानुवर्षे अंथरुणात टाकून दिलेले. वॉरनबाईंनी एकेकाला तपासले, उठवले, चालवले; पुष्कळ जण घरी गेले. त्यातून वृद्धांच्या वैद्यकाची स्वतंत्र शाखा उभी राहिली. ‘म्हातारे आहे, असेच चालायचे’ हे वाक्य एका बाईने खोटे पाडले. आपण आपल्या जिल्हा रुग्णालयाकडे एवढेच मागू: खुबा मोडलेला वृद्ध दाखल झाल्याची वेळ आणि शस्त्रक्रियेची वेळ फलकावर लिहा, दोन दिवस उलटले तर कारण लिहा, आणि दुसऱ्या दिवशी त्याला उभे करायला माणूस नेमा. याला परदेशी यंत्र लागत नाही. एक फळा आणि एक खडू लागतो.

ज्या हाडांनी गिरण्या चालवल्या, पाण्याचे हंडे वाहिले, पोरे कडेवर खेळवली, ती म्हातारपणी मोडली तर आपण त्यांना किती तास वाट पाहायला लावतो, यावर आपल्या गावाची परीक्षा आहे. आपल्या घरात असा प्रसंग आला तर व्हरांड्यात बैठक भरवण्याआधी खाटेजवळ जा आणि विचारा, “आई, तुला काय हवे?”